दोन्ही हात हवेत

आपलाच आवाज टेबलावरच्या त्या चपट्या काळ्या डबीतून बाहेर आला तेव्हा धाकटीला आधी वाटलं, ही कुणीतरी दुसरीच बाई बोलतेय, आणि काय बोलतेय, हिला आवरा कुणीतरी. मग मध्येच तो ओळखीचा खोकला आला, तिचा स्वतःचा. "आरशात मी त्याला येताना पाहिलं हो," डबीतली बाई रंगात येऊन सांगत होती. "अस्सा आला, जबडा उघडून, जांभई देत. पडजीभ दिसली मला त्याची, खोटं नाही सांगत. पुढं जागा होती, हत्ती आडवा झोपला असता एवढी! घेतली असती गाडी पुढं. पण म्हटलं, मी का म्हणून हलू? लाल दिव्याचा मान राखणारी बाई मी. ये म्हटलं बाबा, काय आपटायचं ते आपट." विमा कंपनीतल्या पोरीनं बटण दाबलं आणि बाई घशात घास अडकल्यासारखी गप्प झाली. पोरगी विशीतली, नाकीडोळी नीटस, पण भांगापाशी केस विरळ व्हायला लागलेले. हे धाकटीला आत आल्या आल्याच दिसलं होतं, कारण ती केसांचे टोप बनवायची आणि माणसाचं तोंड तिला नेहमी डोक्यानंतर दिसायचं. "हे तुम्हीच बोलताय ना, मॅडम?" पोरीनं विचारलं. "आवाज माझाच आहे," धाकटी म्हणाली. "मग वरच्या लोकांनी त्याचा अर्थ असा धरलाय, की तुम्ही पाहिलंत, पुढे जागा होती, वेळ होता, तरी तुम्ही हलला नाहीत. म्हणजे निम्मी चूक तुमची. म्हणून विमा पुढे चालू करायचं अडकलंय." धाकटीनं पदर सारखा केला. "अगं पण मी लाल दिव्याला उभी होते." "हो." "तो मागून येऊन आदळला." "हो." "मग चूक कुणाची?" पोरगी अवघडली. वाईट नव्हती ती. "चूक तुमची नव्हतीच, मॅडम," ती म्हणाली. "तुम्ही फोन करेपर्यंत."

आता झालं होतं ते खरं म्हणजे एवढंसं होतं, एका हातात मावेल एवढं. लाँड्रीची एक पांढरी व्हॅन, तिचा ब्रेक लागला नाही, ती धाकटीच्या उभ्या गाडीवर मागून आदळली. मागचा बंपर गेला, डिकी चेपली, मागच्या सीटवरची टोपांची लाकडी डोकी गडगडत पुढं आली आणि एक तयार टोप खोक्यातून उडून ताईच्या मांडीवर पडला, तो तिनं मांजर समजून गोंजारला. कुणाच्या केसाला धक्का लागला नाही. व्हॅनवाला पोरगा उतरला, हात जोडले, म्हणाला, चूक माझीच आहे मावशी, आणि रस्त्याच्या कडेला बसून रडायला लागला तर ताईनंच त्याला पाणी दिलं. संपलं. पण असली गोष्ट घेऊन माणसानं जायचं कुठं? "उभी होते आणि मागून धडक बसली" हे सांगायला तोंड उघडावं तर मिटायच्या आत संपतं. गॅरेजवाल्याला सांगताना तिनं व्हॅनचा वेग थोडा वाढवला. शेजारणीला सांगताना व्हॅनची मागची दारं उघडली, चादरी बाहेर पडल्या आणि रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरा झाला, लोक बूट काढून चालायला लागले. एका गिऱ्हाइकाला सांगताना, ती बिचारी औषधांनी केस गळून गेलेली, आरशासमोर बसलेली आणि आरशात न बघणारी, तिला सांगताना तो आरसा पहिल्यांदा गोष्टीत आला. "मी आरशात बघते तर काय!" धाकटी म्हणाली होती, आणि त्या बाईनं नकळत मान वर करून समोरच्या आरशात बघितलं होतं. तिथं स्वतःला नवीन केसांत पाहून ती हसली होती. एवढं चांगलं काम केलेला आरसा धाकटी पुन्हा गोष्टीतून काढणार होती थोडीच? मग त्यात जांभई आली, पडजीभ आली, हत्ती आला. विमा कंपनीला फोन करायची वेळ आली तोवर गोष्ट अंगापिंडानं चांगली भरली होती, आणि फोनवरचा माणूस मध्येमध्ये "बरं, बरं, मग?" म्हणत होता. गोष्ट सांगणाऱ्याला "मग?" म्हणणारा माणूस म्हणजे उतारावर मागून ढकलणारा. आता तिला कळत होतं की तो ऐकत नव्हता, नोंदवत होता.

"पुन्हा जबानी देता येते," पोरगी सांगत होती. "तुमच्याच आवाजात. मी विनंती करते. पण मॅडम, एकच. तुम्ही आरशात पाहिलंत की नाही, ते नक्की सांगावं लागेल. पाहिलं तर पाहिलं, नाही तर नाही. तेव्हा एक आणि आता दुसरंच, मग उद्या तिसरं, असं चालणार नाही." मग तिनं विचारलं, गाडीत आणखी कुणी होतं का. "ताई होती. माझी मोठी बहीण." "मग त्यांनाही आणा. त्यांनी पाहिलं असेल ना?" धाकटी म्हणाली, "तिला कडेकडेनं दिसतं." "म्हणजे?" "म्हणजे डोळ्यांतलं मधलं गेलंय. कडा राहिल्यात. तुझ्याकडं सरळ बघितलं तर तुझ्या जागी राखेचा गोळा. तोंड फिरवून भिंतीकडं बघितलं, की कडेनं तू दिसतेस. तुझा कान, खांदा, असं." पोरीनं पेन खाली ठेवलं. "चालेल," ती म्हणाली, पण कसं चालेल हे तिलाही माहीत नव्हतं. उठताना धाकटी तिला म्हणाली, "केस ओले असताना घट्ट बांधू नकोस गं. मुळं ओढली जातात." पोरीचा हात चटकन भांगाकडं गेला. "आणि तुम्ही, मॅडम," ती म्हणाली, "जे झालं तेवढंच सांगा. बाकी काही नको." तेवढंच! म्हणजे एकाच केसाचा टोप विणायला सांगण्यासारखं.

बाहेर ती बसस्टॉपवर उभी राहिली. गाडी दुकानासमोर उभी होती, दुरुस्त होऊन, धुऊनपुसून, पण जुना विमा परवाच संपला होता आणि नवा मिळेपर्यंत तिला हलवायची सोय नव्हती. बसमध्ये तिला खिडकीची जागा मिळाली आणि ड्रायव्हरच्या डोक्यावरचा लांबट आरसा बरोबर समोर आला. तिनं बघायचं नाही ठरवलं आणि बघितलं. आरशात मागची माणसं डुलत होती आणि त्यांच्या मागं, मागच्या काचेत, पांढरी व्हॅन येत होती. जबडा उघडून. तिनं मान वळवून मागं पाहिलं तर रस्ता मोकळा. हे हल्ली कुठंही व्हायचं. दुकानातल्या आरशात, दारातल्या काचेत, एकदा तर चमच्याच्या पाठीवर. ती पडजीभ तिला इतकी स्वच्छ दिसायची, लाल, ओली, जरा डावीकडं झुकलेली, की हे मी रचलं असं म्हणायला जीभ रेटेना. रचलेल्या पडजिभेला कुणी झुकवतं का? तिनं आजवर इतक्या थापा मारल्या होत्या, पण थाप कुठली आणि खरं कुठलं याची शिवण तिला नेहमी बोटाला लागायची, अंधारातही. टोपाला लागते तशी. बघणाऱ्याला भांग खरा वाटतो, पण बनवणारीला आतली जाळी माहीत असते. या वेळी बोट फिरवावं तर जाळीच सापडेना. आणि पाहिलं असेल तर? खरंच पाहिलं असेल आणि हलली नसेल तर? ताई शेजारी बसलेली असताना? हा विचार आला की बसमध्ये बसल्या बसल्या तिचा उजवा पाय जमिनीवर दाबला जायचा, ब्रेकवर दाबावा तसा.

लहानपणी त्यांच्या घरात काही सांडलं, फुटलं, जळलं की आई "काय झालं" असं कधीच विचारायची नाही. "तू कुठं होतीस?" असं विचारायची. हा त्या घरचा कायदा. एकदा फळीवरची काचेची बरणी आपोआप खाली आली. खिळा निघाला होता, फळी तिरकी झाली, बरणी घसरत घसरत, जशी काही विचार करत, कडेपर्यंत आली आणि गेली. धाकटी खाली बसून वहीत रेघा ओढत होती. तिनं हात लावला नव्हता, श्वाससुद्धा जोरात घेतला नव्हता. आई धावत आली. "तू कुठं होतीस?" "इथंच," धाकटी म्हणाली. खरं बोलली. आणि कानाखाली बसली. गालापेक्षा जास्त काहीतरी दुसरंच दुखलं होतं तेव्हा, ते काय ते तिला आजही सांगता आलं नसतं. काही केलं नाही म्हणून मार बसला हे नव्हे, तर आपण तिथं असूनही आपल्याशिवाय ते झालं, हे. पुढच्या वेळी खिडकीची काच फुटली, बाहेरच्या पोरांच्या चेंडूनं, तेव्हा आईनं विचारायच्या आत धाकटीनं सांगून टाकलं, एक बोका आला होता, वासराएवढा, एका कानात बाळी घातलेला, त्यानं आधी दार वाजवलं, आपण उघडलं नाही म्हणून रागावला. आईचा हात वर गेला होता तो तसाच राहिला. मग ती हसायला लागली. भिंतीला टेकून, पोट धरून हसली. "कुठल्या कानात?" तिनं विचारलं. दारात ताई उभी होती, चार वर्षांनी मोठी, सगळं पाहिलेली, आणि तिनं चेंडू हळूच फ्रॉकच्या घोळात लपवला. तेव्हापासून धाकटी रचतच आली. विमाच तो. लोक कागदावर उतरवतात, तिनं तोंडावर उतरवला होता. आणि इतकी वर्षं त्यानं तिला तारलं, नवऱ्याच्या आजारपणात तारलं, तो गेल्यावर रिकाम्या घरात तारलं, आणि आता याच विम्यानं तिला त्या विम्यात बुडवलं होतं.

दुकानात भाचा येऊन बसला होता, ताईचा मुलगा, समजूतदार, चष्मा पुसत बोलणारा. समोरच्या फळीवर लाकडी डोकी ओळीनं, काहींवर केस, काहींवर नुसती जाळी. तो त्यांच्याकडं पाठ करून बसायचा, त्याला ती बघतात असं वाटायचं. "मावशी, आता गाडी बास," तो म्हणाला. चांगल्या मनानं म्हणाला, तेच जास्त लागलं. "मी तुला टॅक्सी मागवून देत जाईन. टोप कुरिअरनं पाठव." "टोप काय पुस्तक आहे कुरिअरनं पाठवायला? डोक्यावर बसवावा लागतो. त्या बायका दार लावून घेतात, मग डोक्यावरचा रुमाल काढतात, तो कुरिअरवाल्यासमोर काढतील?" "मग टॅक्सीनं जा." "आणि तुझी आई?" तो चष्म्याची काच पुसायला लागला. दर गुरुवारी टोप पोचवायला निघताना धाकटी ताईला बरोबर घ्यायची. ताईला घरात आता काही उरलं नव्हतं. वाचता येत नव्हतं, शिवता येत नव्हतं, माणसांची तोंडं दिसत नव्हती. गाडीत ती खिडकीकडं तोंड करून बसायची आणि धाकटी तिला रस्ता सांगायची. नाकासमोरचा रस्ता नव्हे. गच्चीवर उंट बांधलाय, फौजदार स्केटिंग करत चाललाय, बँकेच्या पायरीवर एक म्हातारी नोटा वाळत घालतेय, असा रस्ता. टॅक्सीत परक्या माणसासमोर हे कोण बोलणार? "आई म्हणते, तुझी गाडी म्हणजे तिचे डोळे," भाचा हळू म्हणाला. "पण मावशी, तुला ते आरशात दिसलं होतं ना? तूच सांगितलंस. आणि तू हलली नाहीस." त्यानं चष्मा घातला, काढला. "मी आरोप नाही करत. पण आई शेजारी होती." तो गेला तरी त्याचं वाक्य खुर्चीवर बसून राहिलं. धाकटीनं आकडी हातात घेतली, एक केस उचलला, जाळीच्या भोकातून ओढला, गाठ मारली. दुसरा केस. अशा गाठी मारताना एरवी डोकं शांत व्हायचं. आज प्रत्येक केसाला एकच गाठ बसत होती, पाहिलं, नाही पाहिलं, पाहिलं, नाही पाहिलं.

गुरुवारी ताई आली. काठी टेकत, फूटपाथची पायरी बरोबर उतरून, आणि दुकानात न येता थेट गाडीकडं गेली. हात फिरवत दाराची मूठ शोधली. "कुलूप काढ गं," तिनं हाक मारली. "ताई, गाडी हलवायची नाही. विमा नाही." "हलवू नको ना. बसायला विमा लागतो का?" मग दोघी बसल्या, दुकानासमोर उभ्या गाडीत, काचा खाली करून, अगदी निघाल्यासारख्या. ताईनं पट्टासुद्धा लावला. समोरून माणसं जात होती, एक पोरगा सायकल ढकलत होता, पलीकडच्या टपरीएवढ्या दुकानातला चावीवाला कानस घासत बसला होता. "सांग," ताई म्हणाली. धाकटीला काही सुचेना. "एक चावीवाला आहे," ती म्हणाली. "मग?" "चावी घासतोय." ताईनं काठी मांडीवर आडवी घेतली. "बरं नाही वाटत का गं तुला?" ती म्हणाली. तेव्हा धाकटीनं सांगितलं. डबी, आपला आवाज, हत्ती, निम्मी चूक. भाच्याचं नाही सांगितलं. शेवटी म्हणाली, "ताई, मला आठवतच नाही. मी पाहिलं का त्याला आरशात? मला दिसतो तो. रोज दिसतो. पाहिलं असेल आणि तरी मी..." समोरच्या आरशाकडं ती बघत नव्हती, आरसा तिनं छताकडं तोंड करून ठेवला होता.

ताईनं तोंड खिडकीकडं फिरवलं. नवख्या माणसाला वाटावं, ऐकायचं नाही म्हणून फिरवलं. धाकटीला माहीत होतं, ही आता नीट बघतेय. "तू आरशात कशी बघशील?" ताई म्हणाली. "तू माझ्याकडं बघत होतीस. कावळ्याचं सांगत होतीस मला." "कुठल्या कावळ्याचं?" "आता मलाच विचार! त्या रिटायर जज्जाचा टोप तू वाळायला ठेवलास, तो कावळ्यानं नेला आणि त्यात घरटं केलं. जज्जसाहेब रोज झाडाखाली उघड्या डोक्यानं उभे राहायचे, पिल्लं मोठी व्हायची वाट बघत. आणि घरटं केवढं ते तू मला दाखवत होतीस. दोन्ही हातांनी. स्टिअरिंगवर एक बोट नव्हतं तुझं." "दोन्ही हात हवेत?" "हवेत. म्हणून तर तू प्रत्येक लाल दिव्याला हँडब्रेक ओढतेस. कर्र्र करून. दुसऱ्या कुणाच्या गाडीत तो आवाज येत नाही. माझा मुलगा कधी ओढत नाही. मला तो आवाज आला की मी तोंड फिरवते, म्हणजे तुझे हात दिसतात. आता काहीतरी मोठं येणार, म्हणून." ती हसली. "तर घरटं तू एवढं दाखवलंस, मग आणखी एवढं केलंस, आणि म्हणालीस, आणि मग एक दिवस... आणि धाड. मग मांजर पडलं माझ्या मांडीवर."

धाकटीनं खाली बघितलं. तिचे हात मांडीवर होते आणि ते तिला परक्याचे वाटले, लाकडी डोक्यांसारखे, कुणीतरी बनवून ठेवलेले. कर्र्र. हो. तो आवाज तिच्या मनगटात होता. डोळे विसरले होते, मनगटाला आठवत होतं. हात वर गेलेले. ताईचा कान, खिडकीकडं वळलेला, त्यातली ती कुडी. तिच्या डोळ्यांसमोर तो कान होता तेव्हा, आरसा नव्हता. पडजीभ नव्हती. कुणी जांभई देत नव्हतं. कुणीतरी मागून येत होतं आणि तिला काहीच माहीत नव्हतं. इतके दिवस छातीवर ठेवलेली फरशी कुणी उचलली, आणि गंमत अशी की उचलल्यावर तिथं थंड वाटायला लागलं. कारण पाहिलं असतं तर निदान ती त्या गोष्टीत होती. दोषी म्हणून का होईना, होती. आता ती नुसती वाटेत होती. बरणी फळीवरून आली तेव्हा होती तशी. वहीत रेघा ओढत. "म्हणजे मी काहीच करू शकत नव्हते," ती म्हणाली. "काय करणार होतीस?" ताई म्हणाली. "मला तरी कुठं काय करता आलं, डोळे गेले तेव्हा? मी काय केलं म्हणून गेले, हे शोधत बसले होते कितीतरी दिवस. लहानपणी दिव्याजवळ वाचलं म्हणून, भाजी नीट खाल्ली नाही म्हणून. डॉक्टर म्हणाले, आजी, तुम्ही काही केलं नाही. मला त्याचाच राग आला." समोर चावीवाल्यानं चावी उन्हात धरून बघितली. "आणि ऐक," ताई म्हणाली, "तो फौजदार स्केटिंग करत नव्हता. साधा चालत होता. मला कडेनं दिसतं हां सगळं." धाकटीनं झटकन तिच्याकडं बघितलं. "आणि उंट?" "उंट कुठला! पाण्याची टाकी." "मग इतके दिवस बोलली नाहीस ती?" "टाकी तर मला दिसतेच की," ताई म्हणाली. "त्याला तू कशाला पाहिजेस?"

विमा कंपनीत दोघी गेल्या तेव्हा भाचा सोडायला आला होता. तो बाहेर थांबणार होता, पण ताईच म्हणाली, तूही आत ये, ऐक. पोरीनं केस आज सैल सोडले होते. तिनं काळी डबी पुढं सरकवली, बटण दाबलं, लाल ठिपका लागला. लाल दिवाच तो. धाकटीनं सवयीनं डावा हात बाजूला नेला आणि खुर्चीशेजारी ओढायला काहीच नाही म्हणून परत घेतला. "बोला मॅडम. काय झालं?" धाकटीनं तोंड उघडलं. आणि आतून सगळं धावत आलं. चादरी आल्या, बूट काढून चालणारी माणसं आली, हत्ती तर आलाच, वासराएवढा बोका बाळी हलवत पुढं येऊन बसला. जज्जसाहेब झाडाखालून निघून येऊन तिच्या मागं उभे राहिले. सगळी तिच्या तोंडाकडं बघत होती, आम्हांला घेणार ना, म्हणून. तिनं त्यांना एकेकाला हातानं मागं सारलं. "लाल दिवा होता," ती म्हणाली. "मी गाडी उभी केली. हँडब्रेक ओढला. मी बहिणीशी बोलत होते. मागून धडक बसली." तिचा आवाज तिलाच बारीक वाटला, लहान मुलीचा वाटावा तसा. "आरशात पाहिलंत?" "नाही." "मग आधी तसं का सांगितलंत?" भाचा खुर्चीच्या टोकावर आला. धाकटीनं ताईकडं पाहिलं, ताई भिंतीकडं बघत होती, म्हणजे तिच्याकडं. "उभी होते आणि धडक बसली, एवढंच सांगायला बरं वाटेना," धाकटी म्हणाली. "म्हणून भर घातली. पण त्यातलं काही झालं नाही." "आणखी काही?" पोरीनं विचारलं. "बस. मी तिथं होते, एवढंच."

मग पोरीनं ताईला विचारलं आणि ताई भिंतीकडं तोंड करून म्हणाली, "मी हिचे दोन्ही हात पाहिले. डोक्याच्या वर होते." "हात डोक्याच्या वर कशाला?" "घरटं दाखवायला." "कसलं घरटं?" "कावळ्याचं. टोपातलं. घरटं दाखवताना आरशात बघता येत नाही, करून बघ." पोरीनं एकदा ताईकडं, एकदा धाकटीकडं बघितलं, आणि मग लाल ठिपका चालू असतानाच स्वतःचे दोन्ही हात वर केले, बोटं पसरली, आणि समोरच्या न दिसणाऱ्या घरट्याकडं बघत क्षणभर तशीच राहिली. "नाही येत," ती डबीकडं झुकून म्हणाली, नोंद राहावी म्हणून. भाचा हसला, पहिल्यांदा, आणि हसता हसता त्यानं चष्मा काढून डोळे पुसले. उठताना त्यानं मावशीची पिशवी आपल्या हातात घेतली.

विमा चालू झाला. फोन पोरीनंच केला. चूक तुमची नाही, असं वरून लिहून आलं म्हणाली. मग घुटमळली. "पण मॅडम, हप्ता थोडा चढा येईल. अपघात झालेली गाडी आहे ना." "अगं, चूक नाही म्हणालीस ना?" "चूक नाहीच. पण तुम्ही तिथे होतात." धाकटी आधी चिडली, चांगली चिडली, फोन कानापासून लांब धरून एका लाकडी डोक्याला दोन शब्द सुनावले. मग तिला आई आठवली, हात वर गेलेली. तिनं फोन परत कानाला लावला. "होते," ती म्हणाली. "तिथंच होते. आणि तू येऊन जा एकदा दुकानात. भांगाचं बघू काहीतरी."

गुरुवारी गाडी निघाली. मागच्या सीटवर डोकी, ताईच्या मांडीवर टोपाचं खोकं, काचा खाली. धाकटीनं छताकडं तोंड केलेला आरसा सरळ केला, पण त्यात बघितलं नाही. तोच चौक आला. तोच दिवा, लाल. गाडी थांबली. ताई वाट बघत होती, कर्र्र झालं तसं तिनं खिडकीकडं तोंड फिरवलं आणि म्हणाली, "हं. आता तरी सांग. आणि मग एक दिवस काय झालं?" धाकटीनं हात वर केले. एक दिवस काय झालं ते तिला तेव्हाही माहीत नव्हतं, सांगता सांगता कळलं असतं. हात वर करताना तिचे डोळे आरशात गेले. जायलाच पाहिजे होते कधीतरी. मागं एक ट्रक उभा होता, मोठा, धुळीनं माखलेला. जबडा नाही, जांभई नाही. वर काचेमागं ड्रायव्हर बसला होता, जाड मिशांचा, दंडावर जखमेची खूण असलेला, आणि तो स्वेटर विणत होता. दोन्ही हातांनी, मान खाली घालून, टाके मोजत. स्टिअरिंगवर एक बोट नव्हतं त्याचं.

"ताई," धाकटी म्हणाली, "मागं ट्रकवाला स्वेटर विणतोय."

"हात्, थापाडे!"

"अगं खरंच. शपथ. लाल लोकरीचा."

"कावळ्याचं मी मानते," ताई म्हणाली. "हे नाही मानत. केवढा आहे स्वेटर?"

धाकटीनं आरशात नीट बघितलं. सुयांवरून लोंबणारा तो लाल तुकडा, त्याला एकच बाही फुटलेली, तान्ह्या मुलाला यावा एवढा. तिनं दोन्ही तळवे समोरासमोर धरले, जवळ आणले, आणि जन्मात पहिल्यांदा जेवढा होता तेवढाच दाखवला. दिवा अजून लाल होता. ताई खिडकीकडं तोंड करून बघत होती.

मग, ताईला कडेनं नीट दिसावा म्हणून, तिनं तो बोटभर वाढवला.